सोयाबीनचा हुरडा

एकदा एक बाई भर दुपारी वाचनालयात आल्या आणि हातातलं पुस्तक माझ्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "हे घ्या मॅडम, ठेवा तुमचं. माहा पोट्टा आता मोरीत बी एकटा जात नाई."

पुस्तक एका पडक्या विहिरीतल्या भुताचं होतं. मी विचारलं, "पन वाचून झालं काय त्याचं?"

"झालं? दोनदा झालं! पांघरुनात घेऊन वाचते. भेते आन् वाचते, वाचते आन् भेते."

मी बाईंना बसवलं, माठातलं पाणी दिलं, त्यांच्या मुलासाठी एक निरुपद्रवी कासवाचं पुस्तक दिलं आणि त्यांची पाठ वळल्याबरोबर भुताच्या पुस्तकाची शिफारस लिहायला घेतली. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातून त्याच पुस्तकाचं नाव पुढे गेलं. ते कुणाच्या शब्दावर गेलं, हे त्या माउलीला अजूनही माहीत नाही. कासवाचं पुस्तक मात्र दुसऱ्याच दिवशी परत आलं, अगदी कोरं करकरीत.

शिफारस म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण आमच्या नात्यातले लोकही अजून मला विचारतात, "तुम्ही पुरस्कार वाटता म्हणे?" आम्ही काही वाटत नाही. राज्यातली एक जुनी साहित्य संस्था दरवर्षी लहान मुलांच्या एका पुस्तकाला आणि कुमारवयातल्या मुलांच्या एका पुस्तकाला पुरस्कार देते. छापलेलं सगळं वाचणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. म्हणून त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात तिघातिघांची समिती केली आहे. आम्ही वाचायचं, आणि प्रत्येक गटासाठी एकेक नाव कळवायचं. पुढचं ते पाहतात. स्थळ सुचवणाऱ्या मावशीचं जे स्थान, तेच आमचं. लग्न जमलं तर हारतुरे दुसऱ्यांना, बिनसलं तर सगळे मावशीला शोधत येतात.

आमच्या समितीत एक मी, कामरगावच्या वाचनालयात उभी हयात काढलेली ग्रंथपाल. निवृत्त झाले, पण हे काम काही सुटलं नाही, आणि मीही ते सोडायचा फार प्रयत्न केला नाही. दुसऱ्या आसेगावकडच्या शाळेतल्या इंगोले मॅडम. वयाने माझ्या लेकीएवढ्या, वाचनात माझ्या पुढे, आणि तोंडावर खरं बोलण्यात सगळ्या जिल्ह्याच्या पुढे. तिसरे शिरपूरचे गुरुजी. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि प्रत्येक पुस्तकात बोध शोधणारे. बोध सापडला नाही तर ते पुस्तक उलटं धरून झटकून पाहतील असं मला नेहमी वाटायचं.

गुरुजींनी एका वर्षी मुलांची मतं घ्यायचं मनावर घेतलं आणि एका शाळेतून गठ्ठाभर अभिप्राय आणले. सगळ्यांवर एकच वाक्य होतं: 'या पुस्तकातून आम्हांस उत्तम बोध मिळाला.' फक्त एका मुलाने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली होती: 'खाडाखोड करू नये.' फळ्यावर जे जे होतं ते ते त्या बिचाऱ्याने इमानाने उतरवलं होतं. इंगोले मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, यातला हा एकच पोट्टा वाचनारा दिसते."

म्हणून मतं विचारायची नाहीत, हे मी फार आधी ठरवून टाकलं होतं. मूल मोठ्या माणसाला कधी खरं मत सांगत नाही. पुस्तक आवडलं का विचारलं की ते 'हो' म्हणतं, कारण 'नाही' म्हटलं तर 'का' विचाराल ही त्याला भीती. माझी पद्धत साधी आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं वाचनालयात येतात. मी पुस्तक मोठ्याने वाचायला घेते. अगदी ऐन रंगात आलं, की तिथे थांबते, पुस्तक टेबलावर पालथं ठेवते आणि म्हणते, "मी चहा पिऊन येते." समोरच रस्त्यापलीकडे टपरी आहे. तिथे जाऊन सावकाश चहा प्यायचा, टपरीवाल्याच्या सुनेची खुशाली विचारायची, आणि परत यायचं. मुलं बाहेर कबड्डी खेळत असली आणि पुस्तक ठेवलं तसंच पालथं असलं तर नापास. कुणीतरी ते उचलून बाकीच्यांना वाचून दाखवत असलं, किंवा त्यावरून झोंबाझोंबी चालली असली, तर पास. आणि एखादी पोरगी ते घेऊन कपाटामागे गुपचूप बसली असली, तर ते पुस्तक कुमार गटात घालायचं. या चहाने भल्याभल्यांना पाणी पाजलं आहे.

एक लेखक मोठ्या शहरातून खास ही परीक्षा बघायला आले होते. सोबत पेढे. मुलांनी पेढे खाल्ले, पुस्तक ऐकलं, आणि आम्ही चहाहून परतलो तेव्हा खोलीत फक्त पेढ्यांचा पुडा होता, तोही रिकामा. "मुलं कुठे गेली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पेपर देऊन गेली." त्यांना ते लागलं असावं. पण त्यांच्या पुस्तकातल्या खेड्यात आमराई होती, झुळझुळ ओढा होता आणि पहाटे जात्यावरच्या ओव्या होत्या. असलं खेडं आमच्या मुलांनी फक्त पुस्तकातच पाहिलं आहे. त्यांच्या गावात सोयाबीन आहे, तूर आहे, मोबाईलचा टॉवर आहे आणि जीपच्या टपावर बसून बाजाराला जाणारे काका आहेत. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत असते, लेखक भेटला तरी आणि फोन आला तरी: आजचं लिहा. मुलांच्या डोळ्यांसमोर जे आहे ते लिहा. घरीही जेवताना मी हेच बोलत असे. भिंतींना कान असतात हे ठाऊक होतं. समोर ताटावर बसलेल्या माणसालाही असतात, हे लक्षात आलं नाही.

आमच्या ह्यांनी पुस्तक लिहिलं.

आमचे हे बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. लोक त्यांना अजून कंट्रोलर साहेब म्हणतात, मुलं कंट्रोलर आजोबा म्हणतात. सगळी नोकरी कारंज्याच्या बसस्थानकावर, माइकसमोर. कुठली गाडी कुठे लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं मूल चुकून आमच्या केबिनमध्ये रडत बसलंय, हे सगळं त्यांनी त्या माइकवरून सांगितलं. बोलण्यात जन्म गेला, लिहिण्यात फक्त रजेचे अर्ज. निवृत्तीनंतर रोज सकाळी ते ओसरीवर बसून काहीतरी लिहू लागले, तेव्हा मला वाटलं शेजाऱ्याच्या सांडपाण्याविरुद्ध तक्रार असेल. निघाली मुलांची साहसकथा. नाव 'धाडसी विजू'.

मला त्यांनी एक ओळ वाचू दिली नाही. "तू आधी वाचशीन तं पक्षपात होईन," म्हणाले. ओळखीच्या छापखान्यातून पुस्तक छापून आलं. ते त्यांनी नीट बांधलं, वर समितीचं नाव आणि आमच्याच घराचा पत्ता घातला, आणि गावच्या पोस्टातून आमच्याच घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने ते ओसरीवर त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी सही करून घेतलं, आत आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तुह्या कामाचं टपाल हाये."

मी हसले, पण पुस्तक उघडलं नाही. ह्यांना पुरस्काराची हाव नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांना शिफारस हवी होती, आणि तीही माझी. इतकी वर्षं ते मला पुस्तकांचे दोन ढीग करताना बघत आले होते, हा चांगला आणि तो टाकाऊ. त्यातल्या चांगल्या ढिगात एकदा आपलं पुस्तक दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मी पुस्तकाच्या बाबतीत आजवर कुणाशी खोटं बोलले नव्हते. नवऱ्याशी बोलणं त्या मानाने सोपं असेल असं वाटतं, पण रोज समोर जेवायला बसणाऱ्याशी तर ते सगळ्यात अवघड.

मी समितीला कळवलं की या पुस्तकावर मी मत देणार नाही आणि वाचणारही नाही. इंगोले मॅडम म्हणाल्या, "बरं ताई, मी वाचते. तुमी फक्त चहा प्या."

तो शनिवार मला चांगला आठवतो. मॅडम वाचनालयात वाचायला बसल्या आणि मी आधीच टपरीवर जाऊन थांबले. तर तिथे कोपऱ्यातल्या बाकड्यावर आमचे हे! तोंडासमोर वर्तमानपत्र.

"तुमी इथं काहून?"

"पेपर वाचून राह्यलो."

"घरी येत नाई काय पेपर?"

पेपर थोडा वर गेला.

थोड्या वेळाने मॅडम आल्या. माझ्या शेजारी बसल्या, चहा घेतला, आणि माझ्या डोळ्याला डोळा न देता बशीत फुंकर घालत राहिल्या. मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. विचारणार तेवढ्यात वाचनालयातून हसण्याचा असा काही स्फोट झाला की टपरीवाल्याच्या हातातली गाळणी थबकली. पुन्हा एक आला. मग आणखी एक. ह्यांनी पेपर खाली केला. त्यांचा चेहरा मी लग्नात पाहिला होता त्यापेक्षाही खुललेला होता.

"आयकून राह्यली?" ते म्हणाले. "तसं मी विनोदी लिहिलं नव्हतं. पन लिहिता लिहिता आला असन विनोद."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुमी थांबा ना जरा." पण ते कधीच रस्त्याच्या पलीकडे पोचले होते.

दारात आम्ही तिघंही उभे राहिलो. आत श्रावणी बाकावर चढून वाचत होती. ही सातवीतली, आमच्या वाचनालयातली सगळ्यात खट वाचक, वडील बारा महिने शेतात. तिच्याभोवती मुलं नुसती लोळत होती. तिने आवाज चढवून वाचलं: "'विजू सोयाबीनच्या दाट रानात शिरला आणि ताठ उभा राहिला. चोर अगदी चार हातांवरून गेले, पण त्यांना तो दिसला नाही.'"

एक मुलगा उठून उभा राहिला आणि आपल्या गुडघ्याला हात लावून म्हणाला, "सोयाबीन एवढं! चोर आंधये होते काय?"

"नाई बे," दुसरा म्हणाला, "विजूच कोंबड्याएवढा असन!"

"थांबा, थांबा, पुढचं आयका," श्रावणी म्हणाली. "'आईने आगटी पेटवली आणि सोयाबीनचा खमंग हुरडा भाजला. साऱ्यांनी पोटभर खाल्ला.'"

"मंग दुसऱ्या दिवशी शायेला सुट्टी!" कुणीतरी पोट धरून ओरडलं, आणि पुन्हा सगळे लोळले. सोयाबीनचे हिरवे दाणे पोटभर खाल्ल्यावर पोटाचं काय होतं, हे आमच्याकडच्या मुलांना सांगावं लागत नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हसू तोंडावरच राहिलं होतं, पण त्याच्या मागून ते स्वतः निघून गेले होते. ते पायऱ्या उतरले आणि घरी गेले.

घरी मी त्यांच्यासमोर बसले. मला सगळं कळून चुकलं होतं, तरी विचारलं, "हे सोयाबीन आलं कुठून?"

"जवारीच होती ती," ते म्हणाले. "माह्या लहानपनची. आमी जवारीत लपत होतो, माळ्यावर बसून गोफन फिरवत होतो, हुरडा खात होतो. सारं तसंच लिहिलं होतं. पन तूच म्हनत होती ना, आजचं लिहा, आजचं लिहा. आता जवारी हाये कुठी? जिकडं तिकडं सोयाबीन. म्हून बदललं."

"सगळीकडं?"

"सगळीकडं. एक बी सोडली नाई," ते म्हणाले, आणि एवढ्या दुःखातही त्यांच्या आवाजात काम चोख केल्याचा अभिमान होता.

मला हसू आवरेना. खरं सांगते, मी पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. ते उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलताना ते मला 'समितीवाल्या बाई' म्हणत होते. समितीवाल्या बाई, भाजीत मीठ कमी हाये. समितीवाल्या बाई, दार लावून घ्या.

समितीत मात्र पेच पडला. इंगोले मॅडम म्हणाल्या, "ताई, नियम तुमचा हाये. आपन चहा पिऊन आलो तवा पुस्तक वाचनं चालू होतं. झालं पास." गुरुजी म्हणाले, "मुलं पुस्तकाला हसत होती." मॅडम म्हणाल्या, "हसत होती, पन सोडत नव्हती ना? तुमच्या बोधाच्या पुस्तकाले कोनी हसलं बी नाई." गुरुजी रागावले. मी मत न देण्याच्या शपथेमुळे नुसती दोघांकडे आळीपाळीने बघत होते, जीभ चावत. इतक्या वर्षांत माझी पद्धत अशी तोंडघशी कधी पडली नव्हती. मुलांना पुस्तक हवं होतं, यात शंका नव्हती. कशासाठी हवं होतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

हा पेच सोडवला ह्यांनीच. ते बैठकीत आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि माइकच्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. 'धाडसी विजू' ही गाडी तांत्रिक कारणामुळे रद्द करण्यात येत आहे." मग आपल्या आवाजात म्हणाले, "दुरुस्ती करून पुढच्या वर्षी आनतो."

आणि आणली. वर्षभर खपून त्यांनी प्रत्येक सोयाबीन उपटलं आणि तिथे ज्वारी लावली. या वेळी मला वाचूही दिली. भाषा तीच, थोडी ताठ, पण चूक कुठेही नव्हती. ज्वारी पोटऱ्यात कधी येते, पाखरं कुठल्या वेळी उतरतात, कणीस कसं मोडायचं, सगळं अचूक. मला वाटलं, आता निदान नापास तरी व्हायचं नाही.

शनिवार आला. मॅडमनी वाचलं, त्याच जागी थांबल्या, विजू रानात आणि चोर चार हातांवर. आम्ही चहा प्यायला गेलो. या वेळी हे टपरीवर आले नाहीत, घरीच थांबले. हसण्याचा आवाज आला नाही. मला वाटलं, ऐकतायत. परत आलो तर मुलं अंगणात कबड्डी खेळत होती आणि पुस्तक पालथं पडलं होतं, मॅडमनी ठेवलं होतं तसंच.

मी श्रावणीला बाजूला घेतलं. "काय झालं वं? तिथं चोर चार हातावर उभे हायेत आन् तुमी खेळून राह्यले?"

ती दम खात म्हणाली, "मॅडम, तो जवारीत लपला ना? लपला तं लपला. त्यात काय एवढं?"

"अवं, चोरांना दिसला असता तर?"

"दिसला असता काय?" तिने अगदी सरळ विचारलं. "जवारी केवढी असते?"

भाकर खाणारी, शेतकऱ्याची पोर. तिच्या लेखी ज्वारी म्हणजे दुकानातून येणारं पोतं. उभं पीक तिने पाहिलं नव्हतं. तिनेच काय, त्या अंगणात खेळणाऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. चुकीच्या पुस्तकात विजू कुठे उभा आहे ते त्यांना स्वच्छ दिसत होतं, म्हणून तर हसत होती. बरोबर पुस्तकात त्यांना काहीच दिसत नव्हतं.

घरी गेले. हे ओसरीवर बसले होते, सुपारी कातरत. मी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, कारण आत गेले असते तर धीर झाला नसता.

"नापास झालं."

अडकित्ता थांबला. "काहून?"

"त्यांनी ज्वारी पाह्यलीच नाई कधी. केवढी असते, ते बी मालूम नाई त्यांना."

मला वाटलं होतं ते चिडतील, समितीवाल्या बाई म्हणतील. पण पुस्तक त्यांच्या मनातून क्षणात पुसलं गेलेलं मी पाहिलं. "पाह्यलीच नाई?" ते म्हणाले. "एकानं बी?" आणि अडकित्ता खाली ठेवला.

मलाही त्या संध्याकाळी वाईट वाटलं, आणि ते नुसतं नवऱ्यासाठी नव्हतं. ज्वारी कधी गेली ते आम्हाला कळलंच नाही. पाखरं राखायला माणूस मिळेना, कापायला मिळेना, सोयाबीनने हातात चार पैसे दिले, लोकांनी योग्य तेच केलं. पण माझ्या कपाटांत किती पुस्तकं अशी असतील, ज्यांतले शब्द जागेवर आहेत आणि वस्तू निघून गेल्या आहेत, हा विचार मी आजवर केला नव्हता. मी लेखकांनाच दोष देत आले, आजचं लिहा म्हणून. कालचं लिहिणाऱ्याचं नेमकं काय अडतं, ते मला माझ्याच घरात कळलं.

शिफारशीचा प्रश्न तिथेच संपला. पुस्तक पहिल्यांदा छापलं गेल्यापासून दोनच वर्षं ते पाठवता येतं. सुधारून काढलं तरी मुदत वाढत नाही. हे ह्यांना माहीत होतं, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी मात्र ते एक दिवस बसने आसेगावला गेले. इंगोले मॅडमचा भाऊ गुरांच्या कडब्यापुरते ज्वारीचे चार तास, म्हणजे चार ओळी, लावतो, जुनं उंच गावरान वाण. त्याच्याकडून ओंजळभर बी आणलं. वाचनालयाच्या मागे एक पडीक तुकडा आहे, मोडक्या खुर्च्या टाकायचा. खुर्च्या हलवून, एकाचा वखर मागून, त्यांनी तिथे ज्वारी पेरली. सगळ्या गावाला विषय मिळाला. "कंट्रोलर साहेब, निवृत्तीनंतर शेती?" जो तो विचारून जाई. पहिली उगवण शेळ्यांनी खाल्ली. त्यांनी पुन्हा पेरली, आणि त्या मोडक्या खुर्च्यांतली एक बरी खुर्ची घेऊन राखणीला बसले. शेळी दिसली की माइकचा आवाज: "शेळ्यांनी कृपया कुंपणापासून दूर राहावे." शेळ्या ऐकत, असं ते शपथेवर सांगतात. मुलांना त्यांनी बोलावलं नाही की काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पाह्यला वाट मोकळी हाये."

दसऱ्यापर्यंत ती ज्वारी ह्यांच्या डोक्यावर गेली होती.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी नेहमीसारखी एक नवं पुस्तक वाचत होते. शहरातलं, देखणं, चित्रंही सुंदर. ऐन रंगात थांबले, पालथं ठेवलं, चहा प्यायला गेले. परत आले तर खोलीत चिटपाखरू नाही. अंगणातही नाही. देखणं पुस्तक टेबलावर पालथं, आणि मुलांच्या चपला मात्र सगळ्या पायरीशी तशाच. मी मागच्या बाजूला धावले.

आमचे हे ज्वारीच्या कडेला, कमरेवर हात ठेवून उभे होते.

"अहो, पोट्टे कुठी गेले?"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

ज्वारीच्या आतून, नेमकं कुठून ते कळेना, श्रावणीचा आवाज येत होता, दबका: "'विजूने श्वास रोखला. चोर आता अगदी चार हातांवर आले होते...'" कुणी हसत नव्हतं. पानांची सळसळ सुद्धा नव्हती. मी वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. नुसते धांडे आणि पानं.

"दिसून राह्यलं काय कोनी?" ह्यांनी अगदी हळू विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "एक बी नाई."

"मी लिहिलं होतं ना," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, मी लपवले नाहीत.

तेवढ्यात आतला आवाज एकदम बंद झाला. कुणीतरी कुजबुजलं, "चूप! चोर आले!"

मला कळेना चोर कोण. ह्यांना माझ्याआधी कळलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "चाल पुढं. आपन थांबलो, हे त्यायले कळू द्यायचं नाई." आणि मग आम्ही दोघं, या वयात, गावाच्या मधोमध, भर दुपारी, मान इकडेतिकडे वळवत, डोळे बारीक करून, कुणीच सापडत नसल्याचा पुरेपूर वैताग तोंडावर आणत, त्या ज्वारीच्या चार हातांवरून हळूहळू निघून गेलो. कोपऱ्यावर पोचलो, तेव्हा मागे पान उलटलं आणि श्रावणी पुढे वाचू लागली.